कार्याला दिलेली गोधडी

नळावर केसरबाईच्या वाटेला जायचं नाही, हे कासारवाडीच्या त्या पत्र्याच्या चाळीत नव्या बिऱ्हाडालाही पहिल्याच दिवशी कळायचं. हंड्यांची रांग कुणी मोडली तर ती त्या बाईच्या सात पिढ्यांचा उद्धार करी, आणि पाणी गेल्यावर त्याच बाईला घरात बोलावून चहा पाजी. तिखट होती, पण मनात काही ठेवायची नाही. एका बाबतीत मात्र या वाघिणीची शेळी व्हायची. कुणाला दिलेली वस्तू परत मागायची म्हटली की तिची जीभ टाळ्याला चिकटायची. तिची परात शेजारच्या गिरजाबाईकडे कितीतरी महिने पडून होती. गिरजाबाई रोज तिच्या डोळ्यांदेखत त्या परातीत पीठ मळायची आणि केसरबाई आपल्या घरी ताटलीत मळायची. शेवटी गिरजाबाईच वैतागून म्हणाली, "अगं माग की माय! तोंड हाय का न्हाई तुला?" तेव्हा कुठे परात घरी आली.

हा स्वभाव तिनं बीडकडच्या आपल्या गावातून सोबत आणला होता. गावाबाहेरच्या त्यांच्या वस्तीत लग्न निघालं की पाहुण्यांचं अंथरूण-पांघरूण घराघरातून गोळा व्हायचं. मांडवभर माणसं निजवण्याइतक्या गोधड्या एका घरात कुठल्या असायला? आणि गावातल्या माडीवाल्यांकडून त्या मिळायची गोष्टच सोडा. मग आपापल्यातच मागायचं. प्रत्येक घराची आपली खूण असे. गोधडीच्या डोक्याकडच्या कोपऱ्यात रंगीत दोऱ्याचे दोनचार टाके. केसरबाईच्या घरची खूण म्हणजे कोंबडीचा पाय, लाल दोऱ्याचे तीन टाके एका ठिकाणी मिळालेले. कार्य उरकलं, शेवटचा पाहुणा वाटेला लागला की लग्नघरची बाई सगळ्या गोधड्या धुऊन, खुणेबरहुकूम ज्याच्या त्याच्या घरी पोचत्या करी आणि प्रत्येक घडीत मूठभर शेंगदाणे नाहीतर एखादा लाडू ठेवी. रिकामी घडी परत करणं म्हणजे देणाऱ्याचा अपमान. आणि देणाऱ्यानंही कार्य उरकायच्या आत आपली गोधडी मागायची नाही. मागितली तर पुढे त्याच्या दारात कुणी हात पसरायला येत नसे. गरिबाच्या घरी कुणी काही मागायला येतं, हाच त्याचा मान. तो गेला तर उरलं काय?

बहात्तरच्या दुष्काळानं ही वस्ती उठली. केसरबाई आणि तिचा नवरा साहेबराव पाझर तलावाच्या कामावर जात होते. तो माती खोदायचा, ती पाट्या वाहायची. त्यांची नीला तेव्हा नुकती धरून धरून पाऊल टाकायला लागली होती. बांधाच्या कडेला लुगड्याच्या सावलीत तिला बसवून केसरबाई कामाला लागे. पोरीला सारखी सर्दी, सारखा खोकला. त्यात कामावर गोवर आला आणि लेकरं पटापटा आडवी झाली.

ज्या दिवशी नीला गेली त्या दिवशी सकाळी टँकर आला होता. पाणी मिळालं म्हणून केसरबाईनं तिची कुंची धुऊन बाभळीवर वाळत घातली होती. टोपीलाच पाठीवर रुळणारा घोळ जोडलेली ती कुंची केसरबाईच्या आईनं खणाचे निळे-तांबडे तुकडे जोडून शिवली होती. दुपारी पोरीनं मान टाकली. रीतीप्रमाणं लहान लेकरू पुरायचं म्हणून माणसांनी तलावाच्या पोटातच, जिथं खोदून माती भुसभुशीत झाली होती तिथं, तिला ठेवली आणि वर एक दगड मांडला. संध्याकाळी केसरबाई परत आली तर कुंची बाभळीवर तशीच होती. खडखडीत वाळली होती.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. तलाव भरला. गावाला आनंद झाला, आणि व्हायलाच हवा होता. केसरबाईच्या लेकीवर मात्र पाणी चढलं. खुणेचा दगडही त्यात गेला. ना फोटो, ना जागा. तिथं राहून त्या पाण्याकडे रोज बघणं दोघांच्यानं होईना, म्हणून साहेबराव तिला घेऊन कासारवाडीला आला. कंपन्यांत माणसं लागतात असं ऐकून अर्धी वस्तीच इकडे आली होती. गिरजाबाईही त्यातलीच. इकडे आल्यावर त्यांना पुन्हा मूल झालं नाही. नीलाचं नावही त्या घरात पुन्हा कुणी घेतलं नाही. त्यानं घेतलं नाही म्हणून तिनं घेतलं नाही, आणि तिनं घेतलं नाही म्हणून त्यानं.

कासारवाडीच्या पहिल्या हिवाळ्यात केसरबाई गोधडी शिवायला बसली. खाली तिचं एक लुगडं, वर आईचं एक लुगडं आणि मधे जे मिळेल ते, साहेबरावचं विटलेलं धोतर, फाटका सदरा, पोत्यासारखी झालेली चोळी. आणि डोक्याकडच्या कोपऱ्यात, या थरांच्या मधोमध, तिनं ती कुंची घडी करून ठेवली. कुंचीवरून सुई जाऊ दिली नाही. टाके तिच्या भोवतीनं फिरवले, जसं निजलेल्या लेकराच्या भोवतीनं आपण पाय उचलून टाकतो. त्यामुळे तळहाताएवढ्या त्या जागी गोधडी जाड झाली, आणि त्यावर लाल दोऱ्याचा कोंबडीचा पाय. निजताना केसरबाईचा तळवा त्या जाड जागेवर जायचा आणि मग तिला झोप लागायची. साहेबरावला यातलं काही माहीत नाही अशी तिची खात्री होती. पुरुषांना गोधडीची ऊब तेवढी कळते, आत काय आहे ते कशाला कळतंय, असं तिचं एकंदर पुरुषजातीविषयी मत होतं.

साहेबराव एका फाउंड्रीत टेंपररी होता. वाळूचे साचे ठोकायचं काम. कंपनीची रीत अशी की माणूस पक्का व्हायची वेळ आली की त्याला ब्रेक द्यायचा आणि काही दिवसांनी नव्या भरतीत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. साहेबराव अशा कितीतरी सुरुवाती करून बसला होता. "ह्या टायमाला पक्का करत्यात," असं तो दर खेपेला म्हणे आणि केसरबाई दर खेपेला विश्वास ठेवी. न ठेवून करते काय?

अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत एक दिवस चाळीच्या तोंडाशी फियाट गाडी येऊन थांबली. त्यातून सुमनताई उतरल्या. साहेबराव ज्या खात्यात काम करायचा त्या खात्याच्या साहेबांच्या या बायको. निगडीला प्राधिकरणात त्यांचा बंगला होता, आणि त्यांनी व त्यांच्या मैत्रिणींनी ट्रस्ट काढून तिथंच जवळ जुन्या देशी कापडांचं संग्रहालय उभारायचं मनावर घेतलं होतं. घोंगड्या, लुगडी, खण, फेटे, असं गावोगाव हिंडून त्या गोळा करत होत्या. कामगारांच्या घरी जुन्या गोधड्या असतात असं कुणीतरी सांगितलं, म्हणून त्या इकडे वळल्या. बाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती.

केसरबाईची गोधडी दारासमोरच्या दोरीवर उन्हात टाकलेली होती. सुमनताई तिच्यापुढे उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. चष्मा काढून त्यांनी टाक्यांवरून बोट फिरवलं.

"ही तुम्ही शिवली? हातानं?"

"मंग काय पायानं?" केसरबाई म्हणाली आणि मग साहेबांची बाई आहे हे आठवून तिनं जीभ चावली.

सुमनताई मनापासून हसल्या. "किती एकसारखा टाका आहे हो! अशी गोधडी मी कुठं पाहिली नाही. आम्हाला द्याल का? लोक येऊन बघतील. तुमचं कौतुक करतील."

केसरबाईच्या शिवणाला आजवर कुणी बरं म्हटलं नव्हतं. तिचं तोंड लाल झालं. पण ही गोधडी तिला द्यायची नव्हती. ती घाईनं आत गेली आणि दुसरी गोधडी घेऊन आली. "ही न्या, बाई. ही नवी हाय, धडधाकट हाय. ती इटून गेली आता."

"नवी नको हो. जुनीच हवी. हीच."

साहेबराव रात्रपाळी करून आत निजला होता. आवाज ऐकून तो बाहेर आला, आणि साहेबांची बायको दारात उभी बघून त्याची झोप कुठल्या कुठे उडाली. भरतीची चर्चा चालू होती. यादी साहेबांच्या हातात होती. हे त्याला माहीत होतं, केसरबाईला माहीत होतं, चाळीतल्या कुत्र्यालाही माहीत होतं. सुमनताईंच्या मनातही नसेल, पण त्यानं काय फरक पडतो?

"दे की," तो बायकोकडे न बघता म्हणाला. मग स्वतःच पुढे होऊन त्यानं गोधडी दोरीवरून काढली, कधी नव्हे ती नीट चौघडी घातली, आणि घडीवर हात ठेवून क्षणभर तसाच उभा राहिला. मग दिली.

सुमनताईंनी गाडीतून नवी कोरी सोलापुरी चादर आणून केसरबाईच्या हातात ठेवली. "ही तुम्हाला. थंडीचे दिवस आहेत."

केसरबाईनं चादर घेतली. गोधडीवरची नजर तिला काढवेना. "कार्य कव्हा हाय, बाई?"

"उद्घाटन ना? मार्चअखेरीला. तुम्ही यायचं हं."

"लई पाव्हणं येतील?"

"पुष्कळ! पुण्याचे, मुंबईचे. परदेशातले पाहुणेसुद्धा यायचेत."

"नीट ऱ्हाईल नव्हं?"

"अहो, डोळ्यांत तेल घालून जपू. तुमच्यापेक्षा जास्त जपू."

दोघीही खरंच बोलत होत्या. गाडी धूळ उडवत गेली आणि गिरजाबाईनं चादर चाचपून निकाल दिला. "मोठ्या लोकांची रीत बी चांगली हाय. आपली गोधडी त्येंच्या पाव्हण्यांला, तवर आपल्याला ही. मांडव उठला की धाडतील." केसरबाईलाही तसंच वाटलं होतं. पाहुणे येणार, समारंभ होणार, त्यासाठी घरोघरच्या गोधड्या गोळा करतायत, याला दुसरं काय म्हणायचं? वस्तू घ्यायची आणि कधीच परत करायची नाही, उलट ती कुणाच्या अंगावरही घालायची नाही, असंही काही जगात असतं हे तिला कसं सुचावं? तिला एवढंच वाटलं की मार्च फार लांब आहे.

मार्च संपला. चैत्र गेला, बुद्धपौर्णिमेला चाळीत खीर झाली, वैशाखही गेला. गाडीचा आवाज आला की केसरबाई दारात येऊन उभी राहायची. रस्त्यावर काय थोड्या गाड्या? साहेबराव म्हणायचा, "उगं आत-भाईर करू नगं." पावसाळ्यात कंपनीनं त्याला पुन्हा ब्रेक दिला. पक्क्या झालेल्यांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. ज्यासाठी ती गोधडी दिली ते झालंच नाही, हे दोघंही समजून होते आणि दोघंही बोलले नाहीत. तो पिंपरी-भोसरीच्या फाटकांवर हिंडू लागला. कधी ट्रक भरायचं काम मिळे, कधी नुसतीच पायपीट. निजताना केसरबाईचा तळवा सवयीनं चादरीच्या कोपऱ्यावर जाई. तिथं काहीच नसे. आपलं लेकरू आपण परक्याच्या घरी ठेवून आलोय असं तिला वाटे आणि ती तोंडात पदर कोंबून रडे.

"जा की, घिऊन ये," गिरजाबाई म्हणे.

"मागू कसं? त्येंचं कार्य चालू असंल."

"असलं कसलं गं कार्य, म्हशीच्या शेपटावानी लांबलंय!"

दिवाळी झाली, थंडी पडली आणि केसरबाईला एकदाची युक्ती सुचली. गोधडी मागायचीच नाही. नुसती त्यांची चादर परत करायला जायचं. शहाण्या माणसाला तेवढं पुरे. चादर बघितली की त्यांना आपोआप आठवेल. तिनं चादर स्वच्छ धुतली, ऊन दाखवलं, चौघडी घातली. रिकामी घडी द्यायची नाही म्हणून शेंगदाणे भाजून मूठभर घडीत ठेवले. पिशवीत घालून ती निगडीच्या बसमध्ये बसली. आकुर्डीपर्यंत उभी होती, पण तिला त्याचं काही वाटलं नाही. येताना गोधडी मांडीवर घेऊन बसायला जागा मिळावी एवढीच तिची अपेक्षा होती. नवऱ्याला तिनं सांगून ठेवलं होतं, "आज घिऊनच येते."

संग्रहालय म्हणजे बागेतला एक बसका, लांबट बंगला. फाटकातच उद्धवराव नावाचा पहारेकरी होता, मिशीवाला आणि फुरसतीत असलेला. पिशवीत काय आहे म्हणून त्यानं चादर बाहेर काढून झटकली, तर शेंगदाणे टपटप उडून सगळ्या गुळगुळीत फरशीवर घरंगळले.

"अहो, हे काय? खाऊ आणायला बंदी आहे इथं. मुंग्या होतात."

"खायाला न्हाई वं, घडीतलं हाईत," केसरबाई म्हणाली आणि खाली बसून एकेक दाणा वेचू लागली. उद्धवरावला घडीतले दाणे हा प्रकार उमगला नाही, पण तोही वाकून वेचू लागला. त्यानंच सांगितलं की सुमनताई जेवायला गेल्यात, येतीलच. तोवर आत फिरा. तिकिटाचं राहू द्या.

आत अंधूक होतं. खिडक्यांना जाड पडदे, सगळीकडे डांबराच्या गोळ्यांचा वास. काचेमागे एक घोंगडी पसरलेली, पलीकडे जरीचं लुगडं नेसवलेली लाकडी बाई, जिला तोंडच नव्हतं. केसरबाई पायातल्या चपला हातात घेऊन चालली होती. एका काचेच्या कपाटापुढे ती थबकली. आत लेकरांच्या कुंच्या मांडल्या होत्या. रेशमी, मखमली, गोटा लावलेल्या, कुणा कुणा मोठ्या घरच्या. प्रत्येकीच्या आत कापसाचा गोळा घातला होता, त्यामुळे डोकी असल्यासारखी वाटत होती. ती तिथं जास्त थांबली नाही.

तिची गोधडी पलीकडच्या खोलीत होती. भिंतीवर उभी टांगलेली, समोर काच. आणि उलटी टांगलेली होती. डोक्याकडची बाजू खाली जमिनीशी आणि पायांकडची वर. गोधडीला डोकं असतं हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. केसरबाई फरशीवर बसली, वाकली आणि तळाच्या कोपऱ्यात तिला लाल दोऱ्याचा कोंबडीचा पाय दिसला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. कोपरा नीट दिसत नव्हता, उजेड कमी होता. जाड जागा खाली दबली असेल, असं तिनं मनाशी म्हटलं. एवढे महिने डोकं खाली करून टांगलंय, दबणारच.

"बाई, उठा. काचेला हात नको," मागून उद्धवराव म्हणाला.

"माजी हाय ती."

"सगळे असंच म्हणतात हो. ज्याला त्याला आपल्या आजीची वाटते."

तेवढ्यात सुमनताई आल्या. त्यांनी केसरबाईला बघताक्षणी ओळखलं आणि आनंदानं दोन्ही हात धरले. "केसरबाई! किती दिवसांनी! उद्घाटनाला निरोप धाडायचा राहूनच गेला बघा." केसरबाईनं पिशवीतून चादर काढून पुढे केली. वेचलेले दाणे तिनं पुन्हा घडीत ठेवले होते.

"हे काय? ही तर तुम्हाला दिली होती."

"वापरली की, बाई. धुऊन आनलीय." केसरबाई चादरीकडे बघत होती, काचेकडे बघत नव्हती. "तुमचं कार्य उरकलं असंल म्हनलं. पाव्हणं गेलं असतील."

सुमनताई आधी हसल्या. मग हसू मावळलं. त्यांनी चादरीकडे बघितलं, गोधडीकडे बघितलं आणि फरशीवर बसकण मारलेल्या या बाईच्या तोंडाकडे बघितलं. "म्हणजे तुम्हाला वाटलं, आम्ही परत... अगबाई!" त्या तिथल्या स्टुलावर बसल्या. "मला कसं कळलं नाही? मी समजले तुम्ही दिलीत. कायमची."

केसरबाईची जीभ टाळ्याला चिकटली ती चिकटलीच.

पण सुमनताईंनी वेळ लावला नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. "उद्धवराव, काच काढा. किल्ली माझ्या टेबलात आहे. ट्रस्टला काय सांगायचं ते मी सांगेन. ज्याची वस्तू त्याला नको का मिळायला?" आणि उद्धवरावनं काच सरकवून गोधडी उतरवली आणि केसरबाईच्या मांडीवर ठेवली.

केसरबाईनं गोधडी नाकाशी नेली. गोधडीला परका वास येत होता, तो जाईल, उन्हात टाकली की जाईल. तिनं डोक्याकडची बाजू वर फिरवली. तळवा कोंबडीच्या पायावर ठेवला. मग दाबला. मग दोन्ही हातांनी कोपरा चाचपला, कडेपासून आत, आतून कडेला. गोधडी सगळीकडे सारखीच होती. कोपऱ्यात कुणीतरी बारीक, नेटके, नवे टाके घातले होते.

"बाई," ती म्हणाली, "हितं जाड हुतं."

"हो हो, ते! बरी आठवण केलीत. तिथं आत एक बोळा होता, कसलीशी चिंधी. कसर लागली होती तिला. पावसाळ्यात आमच्या लक्षात आलं. म्हटलं, सगळी गोधडी खाऊन टाकील. मग उसवून तेवढी काढली आणि पुन्हा शिवली. आता बघा, कशी छान सपाट बसलीय. पुण्याहून मुद्दाम बाई बोलावली होती शिवायला."

"चिंधी कुटं हाय?"

"टाकली हो. जाळायला लागते, नाहीतर कसर पसरते." मग सुमनताईंच्या आवाजात शंका आली. "का? काही होतं का त्यात?"

सांगायला हवं होतं, असं कुणीही म्हणेल. गिरजाबाई असती तर तिनं सांगितलं असतं, छाती पिटून सांगितलं असतं. पण केसरबाई काय सांगणार होती? ज्या नावाला इतकी वर्षं तिनं स्वतःच्या घरात तोंड फोडलं नाही, ते या डांबरगोळ्यांच्या वासात, परक्या बाईपुढे कसं घ्यायचं? आणि घेऊन काय मिळणार होतं? पलीकडच्या कपाटात कुणाकुणाच्या लेकरांच्या कुंच्या कापूस भरून जपून ठेवल्या होत्या. तिच्या लेकीची आगीत गेली. एकदा पाण्याखाली गेली आणि एकदा आगीत. आता ती कुठंच नव्हती.

"न्हाई," केसरबाई म्हणाली. "चिंधीच हुती."

तिनं गोधडी मांडीवरून उतरवली. फरशीवर पसरली, टोकाला टोक लावून चौघडी घातली. चादरीच्या घडीतले शेंगदाणे काढून गोधडीच्या घडीत ठेवले, कारण रिकामी घडी द्यायची नसते, आणि ती सुमनताईंच्या हातात दिली.

"ठिवा तुमच्याकडंच. बघू द्या लोकांला."

"खरंच? मनापासून सांगताय ना?" सुमनताईंचे डोळे भरून आले. "किती मोठं मन आहे हो तुमचं!" त्या तिला फाटकापर्यंत सोडायला आल्या. चादरही त्यांनी परत पिशवीत कोंबली. पुढे कितीतरी पाहुण्यांना त्या ही हकिकत सांगत. खरं तर केसरबाईला त्या गोधडीला हातच लावावासा वाटत नव्हता.

परतीच्या बसमध्ये तिला बसायला जागा मिळाली.

ती आली तेव्हा ऊन उतरलं होतं. साहेबराव दारातच उंबऱ्यावर बसला होता. त्या दिवशी तो कामाच्या शोधात गेलाच नव्हता. त्यानं तिच्या पिशवीकडे बघितलं. पिशवी फुगलेली होती म्हणून तो अर्धवट उठला, आणि आतली चादर दिसली तसा खाली बसला.

"आनली न्हाई?"

"न्हाई. त्येंचं कार्य चालूच हाय अजून."

तो चपलेच्या टोकानं माती उकरत राहिला. मग मान वर न करता म्हणाला, "मंग नीला तितंच हाय म्हन की."

केसरबाईचा हात दाराच्या चौकटीवर थांबला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं ते नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं. त्याला माहीत होतं. पहिल्या हिवाळ्यापासून माहीत होतं. घडीवर हात ठेवून तो कशासाठी थांबला होता ते तिला आत्ता कळलं. लेक आत आहे हे माहीत असून त्यानं ती घडी उचलून दिली होती, नोकरीसाठी, आणि नोकरी मिळाली नव्हती. एवढं सगळं घेऊन हा माणूस वर्षभर तिच्या शेजारी निजत होता. तिला त्याचा संताप आला, आणि त्याच क्षणी त्याची इतकी कीव आली की संताप कुठं ठेवावा ते कळेना.

"नीट हाय नव्हं?" त्यानं विचारलं.

"व्हय," केसरबाई म्हणाली. "काचंच्या आत हाय. वारं लागत न्हाई."

"बरं झालं." त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. "थंडी पडली की लगीच खोकला व्हायचा तिला."

त्या दिवसापासून नीलाचं नाव त्या घरात रोज निघू लागलं. साहेबरावला लेक कुठं आहे ते आता माहीत होतं, आणि त्यामुळे त्याची जीभ सुटली होती. ती कशी हसायची, मातीच खायची, त्याच्या मिशा कशा ओढायची. काम मिळालेल्या दिवशीही आणि न मिळालेल्या दिवशीही तो जेवताना तेच बोले, आणि केसरबाई समोर बसून 'व्हय' म्हणे.

"एका रविवारी दोघंबी जाऊ," तो एकदा म्हणाला. "म्या बी बघतो लांबून. कोपऱ्याला नुसता हात लावू देतील का गं?"

"देतील की. जाऊ," केसरबाई म्हणाली, आणि त्याला आणखी भाकरी वाढायला चुलीकडे वळली.